नालबंदाची पेटी

त्या दिशी चिंचंखाली आमी सात माणसं हुतो. माजी सासू हलीमाबी, उंबऱ्यावर बसल्याली. धाकटा दीर इस्माईल, बैलाच्या मानंवर गुडघा रवून. गणूतात्या, ज्येचा बैल हुता त्यो, दावं धरून. त्येचा भाऊ बाबूराव, मागच्या पायांकडं. माजी तान्ही ल्येक जैबू, माज्या खांद्याला. मी. आन मदी, मातीत उकिडवं बसल्यालं, ओठांत चार खिळं धरल्यालं आमचं मालक. सातांतल्या आता मी आन जैबू दोगीच उरलो, आन जैबूला त्यातलं कायबी आठवत न्हाई. म्हणून नावं आदी सांगितली. मालकांचं नाव मी कवा तोंडानं घेतलं न्हाई, आताबी घेत न्हाई. वडूजच्या अंगाला कुणालाबी इचारलं आसतं, नालबंदाचं घर कुटलं, तर लांबनंच त्यानं चिंच दावली आसती.

मला मालक आठवत्यात ते डोळ्यानं न्हाई, कानानं. दोन ठोकं खिळ्यावर आन तिसरा पेटीच्या पट्टीवर. हातोडीचं डोसकं दांड्यावर जरा सैल हुतं, म्हणून दर दोन ठोक्यांमागं दांड्याचं बूड पेटीच्या लोखंडी पट्टीवर आपटून ते घट्ट करून घ्यायचं. नवा दांडा बसवा म्हटलं तर नुसती मान हालवायचं. त्येंचा हात त्या सैलपणाला लागल्याला हुता, जशी सून सासूच्या कुरकुरीला लागती तसा. उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की माळावरनं ऊन पांढरंफेक उठायचं, पाखरूबी सावली धरून बसायचं, कुत्री रांजणाच्या ओलीला पोट लावून पडायची, आन त्या भगभगीत गप दुपारी त्यो येकच आवाज चालत ऱ्हायचा. जात्याच्या घरघरीवर झोपल्यालं लेकरू जातं थांबलं की जागं हुतंय. तसं त्यो आवाज थांबला की मी चुलीपुढनं मान वर करायची.

आन बोलणं म्हणाल तर तोंडात कायम खिळं. मी लगीन हून आले तवा मला वाटलं माणूस मुका हाय. काय सांगायचं ते भुवईनं सांगायचं. खिळं संपल्यावर तोंड मोकळं व्हायचं, पर तवर सांगायचं त्यातलं निम्मं इरून ग्येल्यालं आसायचं. लोखंड धरून धरून ओठांच्या दोनी कडंला काळसर रेघ पडल्याली, ती आंघोळीनंबी जायाची न्हाई. जैबूचा मुका घ्यायच्या आदी ओठ बाहीला पुसायचं. तरी तान्ही तोंड वाकडं करायची, लोखंडाची चव लागायची म्हणून, आन मालक हसायचं. हसताना मातूर आवाज यायचा.

त्येंचा कानबी तसाच. गाडी वढ्यापलीकडं आसायची, नुसता धुरळा दिसायचा, आन ह्ये बसल्या जागी डावं बोट वर करायचं. म्हंजी डावीकडच्या बैलाचा पुढचा पाय. गाडी यिऊन थांबायची, बगावं तर त्याच खुराची पत्री, म्हंजी बैलाचा नाल, ढिली. एका खुराला दोन पत्र्या, बैलाला आठ, आन तालुक्यातल्या कैक बैलांच्या आठी पत्र्या ह्येंच्या कानात बसल्याल्या.

पेटी बाभळीच्या फळ्यांची हुती, सासऱ्यांच्या हातची. चारी कोपऱ्यांस्नी लोखंडी पट्ट्या, म्होरं पितळी कडी. आत हातोडी, पकड, नख तासायची पटाशी, कानस, खिळ्यांचा डबा, आन तेलाला बैलाच्या शिंगाची कुपी. ज्येची जागा त्येला. आंधारात हात घातला तरी हवं तेच हाताला यावं. झाकण उगाडलं की तेलाचा आन तासल्याल्या खुराचा वास यायचा. त्यो वास बऱ्याच बाया नाकाला पदर लावून टाळायच्या. मला त्यो माज्या नवऱ्याचा वास वाटायचा, आन म्या त्यो कवा टाळला न्हाई.

पर ती पेटी नुसती हत्यारांची न्हवती. बाजाराच्या दिशी मालक तिच्यावर बसायचं, दुपारी तिच्यावर भाकरी सोडायचं. जैबूला पटकुरात गुंडाळून म्या तिच्यावर किती येळा निजवली, त्येचं मोजमाप न्हाई. गावात कुणाच्या पायात बाभळीचा काटा मोडला, कुण्या सुनंच्या बोटात आंगठी रुतली, वाकीची कडी दबली, तर समदी चिंचंखालीच यायची. मालक पकड आसल्या हलक्या हातानं लावायचं की बाईला कळायच्या आत आंगठी हातावर. दोन भाऊ भांडत आलं तर त्यांस्नी पेटीच्या दोन टोकांवर बसवायचं, आन आपुन खाली बसून खूर तासत ऱ्हायचं. येकाच पेटीवर बसल्याली माणसं लय येळ भांडू शकत न्हाईत. येक उठला की दुसरा कलंडतोय.

गणूतात्याची जीभ लय तिखाट. "नालबंद, माज्या मेव्हण्यालाबी चार पत्र्या मारा की वं. घरात पाय ठरंना त्येचा, नुसता हुंदडतोय." मालकांनी हातातला खिळा संपवला, तोंड मोकळं केलं, मग म्हणालं, "पाडायला गडी आणा. आमी बैल पाडतो, पावणं न्हाई."

आमच्या घराण्यात पेटीची येक रीत हुती. ती मला सासूनं लग्नानंतर पैल्या म्हैन्यातच सांगितली. नालबंद जित्ता हाय तवर त्येची पेटी त्येच्याबिगर कुणी उगडायची न्हाई. त्यो गावाला गेला, आजारी पडला, तरीबी न्हाई. त्यो मेला की चाळिसाव्या दिशी चार माणसांम्होरं पेटी उगडायची, आन हातोडी पुढच्याच्या हातात द्यायची. सासऱ्यांची हातोडी आशीच मालकांच्या हातात आल्याली. म्हंजी बगा, धन्याच्या माघारी पेटी उगडणं आन धनी मेला म्हणणं, दोनी येकच.

लढाई चालू हुती. फौजंत खच्चरांस्नी नाल मारायला माणसं पायजेत म्हणून भरतीचा सायब गावोगाव फिरत हुता. दोन साल पाऊस वढत हुता, लोकांनी बैलं इकल्याली, चिंचंखाली आठवडा आठवडा गाडी यायची न्हाई. मालक येका सकाळी उठून वडूजला गेलं, सांजच्याला आलं, आन भुवई वर करून सासूकडं बगितलं. तिला कळलं. मला भाकरी थापताना उमगलं, का तर त्येंनी त्या दिशी दोन भाकरी जादा मागितल्या, वाटंची शिदोरी कशी लागती ते बगायला.

आन मग त्यो दिवस, ज्येची नावं म्या वर सांगितली. गणूतात्याच्या बैलाच्या आठी पत्र्या त्या दिशी मारून झाल्या. गावातलं शेवटचं काम. तात्याला वातावरण जड झाल्यालं सोसंना. म्हणाला, "नालबंद, तितल्या दुश्मनाच्या घोड्यांस्नी उलट्या नाला मारा. ती म्होरं निघाली तरी माग माघारीचा दिसंल." समदी हसली. मालकांनी शेवटचा खिळा बसवला आन म्हणालं, "मी आपल्या पायाला सुलट्याच मारून घितो, तात्या. मला माघारी यायचं हाय." मग येकेक हत्यार तेलाच्या चिंधीनं पुसून जाग्याला ठिवलं, झाकण लावलं, आन मला म्हणालं, "फौज तिची हत्यारं दिती. ही हितंच ऱ्हाऊ दे. मी येईस्तवर हिला कुणाचा हात लागू दिऊ नगं." यवढं लांबलचक ते माज्यासंगं कवाच बोललं न्हवतं.

ते आंघोळीला गेलं. म्या त्येंच्यावरनं उतरवल्यालं मीठ-मोहऱ्या मुठीत धरून उबी हुते. दिष्ट काडली की ते चुलीत टाकायचं आसतंय. पर माज्या मनात काय आलं, आल्लाला ठावं. म्हटलं, त्येंच्या अंगावरनं फिरल्यालं कायबी आज जाळायचं न्हाई. आन म्हटलं, माणूस खाल्ल्या मिठाला जागतोय. घरचं मीठ पेटीत ऱ्हायलं की त्येला जागून धनी माघारी यील. म्या मोहऱ्या काडून टाकल्या, मडक्यातलं मूठभर खडं मीठ त्यात घातलं, लग्नातल्या लुगड्याच्या हिरव्या काठाची चिंधी फाडून पुरचुंडी बांदली, आन त्येंनी झाकण लावल्यालं हुतं ते वर उचलून पकडीच्या खाली सारली. कडी घातली. कुणी बगितलं न्हाई. इस्माईल त्येंस्नी गाडीनं लोणंदच्या टेसनावर सोडून आला.

येक पत्र आलं. मास्तरांनी वाचून दावलं. "इकडं खच्चरं बरी हायत. पाऊस लय हाय. पेटी बरी हाय का." म्या मास्तरांस्नी म्हटलं, लिवा, पेटी हाय तशी हाय. त्या उत्तराला उत्तर आलं न्हाई.

मग पेटी घरात आली, आन चिंचंखाली नुसती सावली ऱ्हायली. दर शुक्करवारी म्या पेटी बाहेरनं करडीच्या तेलानं चोळायची. तेलाची लय वानवा हुती, समदं कंट्रोलमदी. जैबूच्या भाकरीवर पडायचा थेंब म्या त्या बाभळीला पाजायची. फळी आशी उजळली की त्यात चिमणीची वात दिसायची. सासू हात फिरवायची आन म्हणायची, "धनी यील तवा खूश हुईल." आमी दोगी त्या उजेडाला बगून उपाशी निजायचो.

इस्माईलला काम यत हुतं. मालकांनीच शिकवल्यालं. त्येच्याकडं हत्यार तेवढं न्हवतं, आन लोहाराकडनं घडवून घ्यायला घरात काय न्हवतं. येकदा त्यो दारात यिऊन उबा ऱ्हायला.

"भाबी, पेटी द्या. गणूतात्याचा बैल लंगडतोय."

"धन्याबिगर उगडायची न्हाई."

"मी का परका हाय?"

"परका न्हाईस. म्हणूनच न्हाई. तू उगडलीस म्हंजी झालंच की."

सासूनं तोंड फिरवलं. गणूतात्याचा बैल त्या साली पायानं गेला, आन तात्या पुन्ना आमच्या दारात मस्करी करायला आला न्हाई. येक लेकुरवाळी पायात काटा मोडला म्हणून आली, म्हणाली, "आक्का, नुसती पकड तर द्या." म्या सुईनं वर वर टोकारलं, पर काटा खोल हुता. तिचा पाय म्हैनाभर पिकत हुता. पेटी तिच्यापास्नं चार हातावर हुती.

इस्माईल मग तासगावच्या सडकंवर खडी फोडायला गेला. आमाला मागनं ज्वारी धाडायचा. मी लोकांच्या रानात खुरपायला, शेंगा काडायला जायाची. लढाई संपली. आजूबाजूच्या गावांतली माणसं माघारी आली, काळी ट्रंक डोसक्यावर घिऊन, कुणी लंगडत, कुणी धडधाकट. मी येकेकाच्या दारात गेले. ब्रह्मदेशात खच्चरं घिऊन गेल्यालं, यवढं येकानं सांगितलं. दुसरा म्हणाला, नदीला पाणी आल्यालं, तवा लय जणं मागं ऱ्हायली. मागं ऱ्हायली म्हंजी काय, म्या इचारलं. त्येनं माज्याकडं न बगता जैबूच्या हातावर गुळाचा खडा ठिवला. कागूद न्हाई, तार न्हाई. म्या घरी यिऊन पेटीला तेल लावलं.

इस्माईल माघारी आला तवा त्येचा उजवा डोळा फडक्यानं बांदल्याला. खडीची कपरी उडून बसल्याली. फडकं सोडलं तवा आत पांढरं बुबुळ. नालबंदाला दोनी डोळं लागत्यात. खिळा जराबी वाकडा आत शिरला तर खुराच्या जित्त्या मासात जातोय, आन बैल जलमाचा लंगडा हुतोय. त्यो ओसरीत बसला. मी पाणी दिलं. त्येनं पाणी पिलं. पेटीचं नाव त्येनं काडलं न्हाई, म्याबी न्हाई.

स्वराज आलं. शाळंत पोरांस्नी पेढं वाटलं, जैबूनं निम्मा पेढा मला आणून दिला. त्येच्या दुसऱ्या साली सासूनं हातरूण धरलं. नजर गेल्याली, हात मातूर पेटीवर. येक दिस सकाळच्या उन्हात तिनं मला हाक मारली.

"पोरी, पेटी उगड."

"आम्मा, उगडली तर..."

"रीत मला ठावं हाय. मीच तुला सांगितली. मी आता जायाची. तिकडं त्येची गाठ पडंल का न्हाई, ते मला हितंच कळू दे."

म्या इस्माईलला बलावलं. जैबूला शेजारी धाडलं. कडी लोण्यागत सरकली, बाहेरनं म्या इतकी वरसं तेल चोळल्यालं. झाकण उचललं. तेलाचा वास न्हाई, खुराचा न्हाई. ओला, रगतागत वास आला. आत समदं लाल. हातोडी, पकड, पटाशी, कानस येकमेकांस्नी चिकटून येकच ढेकूळ झाल्यालं. पकड उचलाया गेले तर तिचा पापुद्रा हातात आला. लाकडी दांडं तेवढं शाबूत, आन शिंगाची कुपी. आन त्या समद्याच्या बुडाशी येक हिरव्या काठाची चिंधी, कडक झाल्याली. मीठ सालोसाल पावसाळ्याची ओल वडून वडून इरघळून लोखंडात गेल्यालं. नुसती गाठ ऱ्हायल्याली. गाठ माजी हुती.

इस्माईलनं ती चिंधी उचलली. बोट लावून जिभंवर ठिवलं. येका डोळ्यानं माज्याकडं बगितलं. मग घडी घालून आपल्या खिशात ठिवली. त्यो मरस्तवर त्या चिंधीबद्दल माज्याशी येक शबूद बोलला न्हाई. त्येनं मला मारलं आसतं तर ते मला पेललं आसतं.

"काय दिसतंय?" सासूनं इचारलं.

"समदं जाग्याला हाय, आम्मा."

"तेल हाय?"

"हाय."

"मग वाजीव. जरा कानावर यिऊ दे."

हातोडी ढेकळातनं सुटंना. म्या अंगणातला येक धोंडा घेतला. दोन ठोकं उंबऱ्यावर मारलं, तिसरा पेटीच्या पट्टीवर. पुन्ना दोन, पुन्ना येक. सासूचं तोंड उजळलं. म्हणाली, "दांडा अजून सैलच हाय की गं त्येचा." आन भितीकडं तोंड करून निजली. चवथ्या दिशी गेली.

मातीवरनं माणसं परतल्यावर इस्माईल पेटीपशी बसला. रीतीपरमाणं हातोडी पुढच्याच्या हातात जायाची. त्येनं आपलं दोनी हात म्होरं केलं, उलटंसुलटं करून बगितलं, आन सावकाश म्हणाला, "भाबी, आता कुणाच्या हातात देता?" वर चिंच सळसळत हुती. उत्तर द्यायला माज्या तोंडात खिळं न्हवतं, तरी मला बोलता आलं न्हाई.

मालकांची कबर कुटं हाय ते मला ठावं न्हाई, हाय का न्हाई त्येबी न्हाई. पेटी हाय. तिचं झाकण म्या त्याच दिशी बिजागरीतनं उचकटून चुलीत घातलं. लोक म्हंत्यात काळ पाण्यागत वाहून जातो. मला तसं दिसलं न्हाई. त्यो खड्या मिठागत हाय. आपुनच मायेनं बांदून कोपऱ्यात ठिवतो, त्यो गप बसून ओल वडतो, आन आपुन बाहेरनं फळी उजळत बसतो. वाट बगण्याला म्या राखण समजले. ती राखण न्हवती. जातं थांबल्यावर जागं झाल्यालं लेकरू कुणी थोपटलं तर पुन्ना निजतंय. त्यो आवाज थांबला तवाधरनं मी जागीच हाय.

हे ज्येच्या हातात पडंल त्येला माजं येकच मागणं हाय. तुमच्या घरात कुणाची हत्यारं झाकून ठिवल्याली आसली, तर आज उगडा, पुसा, तेलाचा हात फिरवा, आन ज्येला काम यतंय त्येला वापराया द्या.